देहूचे तुकारामबोवा आणि लोकमुखीं राहिलेली गाथा

ज्यांचे अभंग निरक्षर शेतकऱ्याच्याहि तोंडीं असतात, त्या देहूच्या तुकारामबोवांचें चरित्र आम्ही आज आपल्या वाचकांपुढें ठेवीत आहों. ख्रिस्ती पत्रांत हें चरित्र कां, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ह्या पुरुषाचा ग्रंथ प्रथम लोकांच्या मुखांत वाढला, कागदावर मागून आला, आणि कागद बुडविले गेले तरी तो नाहींसा झाला नाहीं. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत अजूनहि कित्येक वडील माणसें अशीं आहेत कीं, त्यांस वचन पाठ आहे, भजनें पाठ आहेत, परंतु वाचतां येत नाहीं. त्यांच्याजवळ जें आहे त्याची किंमत काय, हें ह्या चरित्रावरून चांगलें कळतें.

पिंपरी-चिंचवडापासून चाकणापर्यंतचा मुलूख आज कारखान्यांनीं भरून गेला आहे. त्याच मुलुखांतून इंद्रायणी वाहते. तिच्या कांठीं आळंदीस ज्ञानेश्वरांची समाधि आहे, आणि देहूस तुकारामबोवांचा जन्म झाला. बोवा ज्या डोंगरांवर एकांतासाठीं जात, त्यांपैकीं भामचंद्राचा डोंगर चाकणजवळ आहे, भंडाऱ्याचा डोंगर इंदुरी व सुदुंबरें ह्या गांवांजवळ आहे, आणि घोरावडेश्वराचा डोंगर तर मुंबईच्या जुन्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकास दिसतो. म्हणजे हा पुरुष आपला शेजारीच होय.

त्यांच्या जन्माच्या सालाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. तथापि १६०८ हें साल बहुतेक धरितात. घराणें मोरे आडनांवाचें, जातीनें कुणबी, धंद्यानें वाणी. देहूच्या पेठेची महाजनकी त्यांच्या घरीं होती, आणि विठ्ठलाची उपासना पिढ्यानुपिढ्या चालत आलेली होती. बापाचें नांव बोल्होबा, आईचें कनकाई. वडील भाऊ सावजी, धाकटा कान्होबा. तुकारामांचीं दोन लग्नें झालीं. पहिली बायको दम्यानें आजारी असे. म्हणून पुण्याच्या एका सावकाराची मुलगी जिजाई ही दुसरी करून दिली. हिलाच लोक आवली म्हणत. हिशेब ठेवण्यापुरतें लिहिणें-वाचणें वाण्याच्या मुलास यावें लागे, तें त्यांस आलें. परंतु संस्कृत शास्त्रें शिकण्याचा मार्ग त्या काळीं कुणब्याच्या मुलास बंद होता.

मग त्यांनीं काव्य कोठें शिकलें? पाठशाळेंत नव्हे. आपल्या देशांत बायका जात्यावर दळतांना आणि उखळांत कांडतांना ओव्या म्हणत आल्या आहेत. ही चाल फार जुनी. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लास नांवाच्या संस्कृत ग्रंथांत, जो सुमारें ११२९ सालचा आहे, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात असें नमूद आहे. त्याच ओवीस पुढें ग्रंथांत स्थान मिळालें. १२९० सालीं नेवाशास ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका ओवींतच सांगितली, आणि परंपरा अशी आहे कीं, ती सच्चिदानंदबाबांनीं लिहून घेतली. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई हिचे अभंगहि दळणाकांडणाच्या कामांतूनच निघालेले आहेत. ओवी आणि अभंग हीं सख्खीं भावंडें. अभंगाचे चरण लहान, बहुधा सहा अक्षरांचे. दुसऱ्या व तिसऱ्या चरणास यमक. आणि शेवटीं कर्त्याचें नांव. ही बांधणी पोथीसाठीं नव्हे, तर स्मरणासाठीं झालेली आहे. यमक विसरलेला शब्द आठवून देतें, आणि कागद नसला तरी शेवटच्या नांवावरून पद कोणाचें हें कळतें. तुकारामांच्या कानांवर हें सर्व लहानपणापासून पडत होतें.

त्यांच्या वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास आईबाप वारले. वडील भाऊ सावजी बायको मेल्यावर विरक्त होऊन घर सोडून गेला. त्यानंतर १६३० च्या सुमारास दख्खनेंत तो भयंकर दुष्काळ पडला, ज्याच्या कथा परदेशी व्यापाऱ्यांनींहि लिहून ठेविल्या आहेत. तुकारामांचीं गुरेंढोरें मेलीं, दुकान बसलें, दिवाळें निघालें. पहिली बायको अन्न अन्न करीत मेली, आणि तिच्यामागून तिचा मुलगा संतू हाहि गेला. ज्यानें आपल्या घरांतील माणूस उपाशी मरतांना पाहिलें आहे, त्यास संसाराविषयीं व देवाविषयीं नवे प्रश्न पडतात. तुकारामांस ते पडले.

त्यांनीं पडकें झालेलें विठ्ठलाचें देऊळ दुरुस्त केलें. घरांत लोकांकडून येणें असलेल्या कर्जाचे रोखे होते. त्यांची वांटणी करून धाकट्या भावास त्याचा भाग दिला, आणि आपल्या वांट्याचे रोखे इंद्रायणींत टाकून दिले, असें सांगतात. दुष्काळांतून वांचलेल्या गरीब कुळांवर त्या कागदांचा बोजा होता; तो त्यांनीं आपल्या हातानें उतरविला. सावकारी पाशांत सांपडलेल्या आपल्या वाचकांस ह्या कृत्याचें मोल समजावून सांगावयास नको.

पुढें ते डोंगरांवर जाऊन बसूं लागले. तेथें काय केलें, हें त्यांनीं आपल्या एका अभंगांत स्वतःच सांगितलें आहे. आरंभीं अभ्यासांत चित्त नव्हतें. मग पूर्वींच्या संतांचीं कांहीं वचनें आदरानें पाठ केलीं. आणि दुसरे कीर्तन करीत तेव्हां मागें उभे राहून ध्रुपद धरलें. उपदेशकांनीं येथें थांबून विचार करावा. मराठी भाषेचा हा थोर कवि प्रथम मागचा टाळकरी होता. पुढचा म्हणे, मागचे तेंच पुन्हां म्हणत. अशा रीतीनें पद शंभर माणसांच्या तोंडीं बसे, आणि ज्याला अक्षर ओळखतां येत नसे तोहि रात्रीं घरीं जातांना एक ध्रुपद घेऊन जाई. तुकारामांनीं नामदेवांचे, ज्ञानेश्वरांचे, एकनाथांचे शब्द ह्या रीतीनें पोटांत सांठविले. मग एके दिवशीं स्वप्नांत नामदेव विठ्ठलासह आले व आपली राहिलेली अभंगांची संख्या पुरी करावयास सांगून गेले, असें त्यांनीं वर्णिलें आहे. नामदेव तर त्यांच्या आधीं सुमारें तीनशें वर्षें होऊन गेलेले. ह्या स्वप्नाचा अर्थ आम्हांस असा दिसतो कीं, आपलें काव्य आपण नव्यानें उत्पन्न केलेलें नसून हातीं आलेलें काम पुढें चालवीत आहों, अशी त्यांची भावना होती.

ते देवळांत कीर्तनास उभे राहत आणि अभंग मुखांतून निघत. मागें साथ करणाऱ्यांत संताजी जगनाडे हे होते. ते चाकणचे, जातीनें तेली. त्यांची समाधि सुदुंबऱ्यास आहे. दुसरे कडूसचे गंगाजी मवाळ. एक तेली आणि एक ब्राह्मण, असे हे दोघे बोवांचे अभंग लिहून ठेवीत, असें परंपरेनें सांगतात. दिवसा घाणा चालवावा, रात्रीं टाळ धरावा, आणि ऐकलेलें वहींत उतरावें, असें संताजींचें जीवन. त्यांच्या घराण्यांत जपलेल्या वह्यांवरून विनायक लक्ष्मण भावे यांनीं १९१९ च्या सुमारास गाथा छापली.

परंतु वह्या होण्यापूर्वींच पदें दूरवर गेलीं होतीं. वैजापूरकडील शिऊर गांवची बहिणाबाई ही ब्राह्मणाची मुलगी कोल्हापुरास असतांना तिनें जयराम स्वामींच्या कीर्तनांत तुकारामांचे अभंग ऐकिले, आणि ज्या पुरुषास तिनें कधीं पाहिलें नव्हतें त्याचा तिला ध्यास लागला. ब्राह्मणाच्या बायकोनें कुणब्यास गुरु करावें, हें नवऱ्यास असह्य झालें. त्यानें तिला मारिलें. तरी तिचा निश्चय ढळला नाहीं. पुढें तिचें बिऱ्हाड देहूस आलें. तिचें आत्मचरित्र अभंगांत आहे. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट साहेब यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर १९२९ सालीं प्रसिद्ध केलें.

आतां विरोधाची गोष्ट. शूद्रानें वेदांचा अर्थ प्राकृतांत सांगावा आणि ब्राह्मणांनीं त्याच्या पायां पडावें, हें कित्येकांस खपेना. वाघोलीचे रामेश्वरभट्ट हे विद्वान् शास्त्री. त्यांनीं असा निर्णय दिला कीं, तुकारामांस हा अधिकार नाहीं, सबब लिहिलेले अभंग नदींत बुडवावे. त्याप्रमाणें वह्या दगड बांधून इंद्रायणींत टाकण्यांत आल्या. तुकाराम तेरा दिवस अन्नपाण्यावांचून नदीकांठीं पडून राहिले. तेराव्या दिवशीं वह्या कोरड्या वर आल्या, असें त्यांचे भक्त मानितात. रामेश्वरभट्टांस पुढें पश्चात्ताप होऊन ते तुकारामांचे शिष्य झाले, अशीहि परंपरा आहे.

ह्या चमत्काराविषयीं आम्ही वाद घालीत नाहीं. कित्येक विचारी माणसें त्याचा उलगडा असा करितात कीं, वह्या बुडाल्या, पण अभंग लोकांस पाठ होते. ज्यानें त्यानें आपणांस येत होतें तें म्हणून दाखविलें, आणि गाथा पुन्हां उभी राहिली. आम्हांस हा उलगडा पटतो. एका शास्त्र्याच्या निवाड्यानें कागद बुडवितां येतात. तथापि जात्यावर बसलेल्या बाईच्या, नांगर धरलेल्या कुणब्याच्या आणि घाण्यावरल्या तेल्याच्या तोंडांतील शब्द नदींत टाकतां येत नाहीं. ज्यांस लिहिण्याचा अधिकार नाकारिला होता, त्यांनींच तो ग्रंथ सांभाळिला.

आपल्या शास्त्राच्या वाचकांस येथें यिर्मयाच्या ग्रंथाचा छत्तिसावा अध्याय आठवेल. संदेष्टा सांगत गेला आणि बारूखानें पटावर लिहिलें. यहोयाकीम राजा हिवाळ्याच्या महालांत शेगडीपुढें बसला होता. त्यानें तो पट चाकूनें कापून कापून विस्तवांत टाकिला. मग यिर्मयानें तीं सर्व वचनें पुन्हां सांगितलीं, बारूखानें पुन्हां लिहिलीं, आणि पहिल्यापेक्षां कांहीं अधिकच घातलीं गेलीं. शुभवर्तमानाचेंहि तसेंच. प्रभु येशूनें स्वतः एकहि पुस्तक लिहिलें नाहीं. शिष्यांनीं पाहिलें व ऐकिलें, तें मंडळ्यांत तोंडानें सांगितलें. आणि पाहणाऱ्यांनीं सोंपवून दिलेलें आपण शोध करून अनुक्रमानें लिहीत आहों, असें लूक आपल्या ग्रंथाच्या आरंभीं सांगतो. म्हणून मुखपरंपरा ही अडाण्यांची वस्तु, असें कोणाहि ख्रिस्ती माणसानें म्हणूं नये.

तुकारामबोवांचा अंत शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे इ. स. १६५० मध्यें झाला. त्यांचे पुत्र नारायणबोवा यांनीं १६८५ सालीं पादुका पालखींत घेऊन पंढरीस जाण्याची रीत घातली, असें सांगतात. ती वारी अद्यापि चालते, आणि वाटेनें तेच अभंग म्हटले जातात. नगराकडील ताहराबादचे महिपति यांनीं लोकांत चाललेल्या कथा गोळा करून अठराव्या शतकांत संतांचीं चरित्रें ओवीबद्ध केलीं. वर सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी त्यांच्याच द्वारें आपणांपर्यंत आल्या आहेत. शेवटीं सरकारच्या मदतीनें विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनीं अनेक हस्तलिखितें ताडून सुमारें साडेचार हजार अभंगांची गाथा १८६९ व १८७३ सालीं मुंबईस इंदुप्रकाश छापखान्यांतून दोन भागांत काढिली.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मुखानें राहिलेला शब्द जिवंत असतो, तसा तो बदलतोहि. निरनिराळ्या गाथांत अभंगांची संख्या सारखी नाहीं, पाठ सारखे नाहींत; बंधु कान्होबा व रामेश्वरभट्ट यांचीं पदेंहि गाथेंत आलीं आहेत; आणि कोणते अभंग खरोखर बोवांचे, हा वाद विद्वानांत आहे. संताजींच्या वह्या नसत्या तर तो वाद याहून कठीण झाला असता. तोंडानें जपावें आणि हातानें लिहावें, दोन्ही पाहिजेत. त्या तेल्याची लेखणी नसती तर पुष्कळ गेलें असतें; त्या बायकांचे कंठ नसते तर लेखणीस लिहावयास कांहीं उरलें नसतें.

ह्या परंपरेचा एक ओघ आपल्या मंडळीकडेहि आला आहे. तुकाराम आठ वर्षांचे असतील तेव्हां, १६१६ सालीं, गोव्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्या त्यांत आहेत. परदेशांतून आलेल्या ह्या माणसानें ख्रिस्ताची कथा सांगावयास येथील बायाबापड्यांची ओवी निवडिली. त्या काळच्या छापील प्रती नाहींशा झाल्या. हातांनीं उतरलेल्या प्रतींवरून तें १९०७ सालीं मंगळुरास पुन्हां छापलें गेलें.

नंतर नारायण वामन टिळक. १८६१ सालीं कोंकणांत जन्म, १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा, पुढें अहमदनगरास, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरास, दीर्घ सेवा, आणि १९१९ त मृत्यु. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. त्यांच्या पूर्वीं आपल्या उपासनेंत परक्या चालींवर बसविलेलीं गीतें पुष्कळ असत. शब्द मराठी, पण कुणब्याच्या व महाराच्या गळ्यास ती चाल सहज बसत नसे. टिळकांनीं अभंग घेतला, ओवी घेतली, भजन घेतलें, आणि त्यांत येशूचें नांव गाइलें. त्यांनीं आरंभिलेल्या ख्रिस्तायनाचा मोठा भाग त्यांच्यामागें लक्ष्मीबाईंनीं रचिला, व तो ग्रंथ १९३८ सालीं प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंस शाळा कशी ती माहीत नव्हती. परंतु कानानें ऐकिलेली मराठी त्यांच्याजवळ विपुल होती.

तुकारामबोवांची उपासना आपली नव्हे, हें आम्ही लपवीत नाहीं. त्यांनीं ज्या मूर्तीस आळविलें, तिला आपण आळवीत नाहीं. आणि ज्या कृपेसाठीं ते तळमळले, ती आपणांस ख्रिस्तामध्यें प्रगट झाली आहे असा आपला विश्वास आहे. परंतु विश्वासांत आल्यावर आजीच्या ओव्या, गांवचीं भजनें, आपली बोली, हें सर्व जुन्या धर्माचें म्हणून टाकून द्यावें, असें जे सांगतात त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. ओवी ही कोणत्या देवळाची नव्हे; ती कष्ट करणाऱ्या बायकांची आहे. मुळशी व मावळांतील खेड्यांत हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं फिरून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या; इतर भागांतील ओव्या मिळवून त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांत राम आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, आणि दलित बायांनीं गाइलेले बाबासाहेबहि आहेत. जें बाईच्या मनांत वसतें, तें ओवींत येतें.

म्हणून आमची उपदेशकांस विनंति आहे. जातीं बंद पडलीं. पीठ गिरणींतून येतें. कारखान्याच्या पाळीवरून आलेल्या मुलास आजीजवळ बसावयास वेळ नाहीं. ज्या बायांनीं बाप्तिस्म्यानंतर येशूच्या जन्मावर, दुःखसहनावर, आपल्या संकटांवर ओव्या जोडिल्या, त्या एक एक करून प्रभूकडे जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या ओव्या मातींत जात आहेत. प्रत्येक मंडळीनें एक वही करावी. कोणी म्हटलें, कोणत्या गांवीं, कोणाकडून शिकली, हें वर लिहावें. जसें म्हटलें तसेंच उतरावें. बोली सुधारूं नये. मोबाइलवर आवाज भरून ठेवितां आला तर चालहि राहील. मग तें शास्त्राशीं ताडून पाहावें, आणि जें चांगलें तें रविवारच्या शाळेंत मुलांकडून पाठ करून घ्यावें.

हें काम मोठ्या विद्वानाचें नव्हे. चाकणच्या एका तेल्यानें तें आपला घाणा सांभाळून केलें.